फळ्यावरचं उतरवतोय

मंगळवार, रात्री साडेदहा

भांडी तशीच पडलीत. आईचा फोन घ्यायचा राहिला, तिला उद्या सांगेन काय ते. कालचं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आधी वही उघडली.

काल दुसऱ्या तासाला केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. तिसरीची वजाबाकी चालू होती. फळ्यावर पाच गणितं, सगळ्यांच्या माना खाली, पलीकडे चौथीही गप्प. इतका शांत वर्ग मला क्वचित मिळतो. साहेब खिडकीजवळच्या बाकापाशी वाकले आणि अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "आज काय शिकतोयस रे?" तिथल्या पोरानं मान वर न करता सांगितलं, "काय नाय, फळ्यावरचं उतरवतोय."

साहेब हसले. लॉगबुकात शेरा चांगलाच लिहून गेले. वाईट लिहिला असता तर मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं.

काल एसटीत खिडकीला डोकं टेकून मी फक्त स्वतःचाच विचार केला. रविवारी रात्री जागून पाठाचं टाचण काढलं होतं. उद्दिष्टाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थी दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करतो.' दोन वर्ग एका खोलीत, पोषण आहाराची नोंद, माहिती आजच्या आज पाठवा म्हणून आलेले मेसेज. एवढं सगळं सांभाळून मी शिकवते आणि त्या लेकराच्या लेखी बाई फळ्यावर लिहितात आणि आपण ते उतरवतो, एवढंच. बदलीच्या यादीचंही तेव्हाच मनात आलं. ते आज लिहीत नाही.

घरी आल्यावर सोबत आणलेल्या वह्या तपासायला घेतल्या. पाचही गणितं सगळ्यांची बरोबर, सगळीकडे माझी लाल खूण करायची बाकी. पण उत्तरं मीच फळ्यावर लिहिलेली होती! साहेब यायच्या आधीच, वेळ जायला नको म्हणून. मग बरोबर काय आलं होतं? पोराचं काहीच चुकलं नव्हतं. तो जे करत होता तेच त्यानं सांगितलं.

आज सकाळी परिपाठ झाल्यावर त्याला पाटीवर एकच गणित दिलं. 43 वजा 18. त्यानं 35 लिहिलं. आठातून तीन गेले पाच, चारातून एक गेला तीन. वर काय, खाली काय, त्याला काही फरक पडत नाही. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या हाती लागलंय. आणि हे त्याला मीच दिलंय. 'तीनातून आठ जात नाहीत, शेजारून एक घे' हे मी म्हणत राहिले. शेजारून येतो तो एक नसतो, दहा असतात, हे त्याला दिसलंच नाही.

आकडा वाचतानाही भाषा त्याला मदत करत नाही. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात, चाळीस मागून. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'चाळीस तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या परोपरीनं समजावून सांगत होत्या. तेव्हा स्टाफरूममध्ये मीही नाक मुरडलं होतं. आज त्या पाटीकडे बघताना त्यांचं म्हणणं कळलं.

भिंतीवर 'निपुण भारत'चा तक्ता आहे. 2021 ला अभियान सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे लक्ष्य. मला ते मनापासून पटतं. पण तक्ता माझ्या उंचीवर लावलाय, मुलांच्या नाही.

मग आज फळा पुसलाच. काड्यांची पेटी काढली. दहा-दहाचे चार गठ्ठे, तीन सुट्या. सुरुवातीलाच सांगितलं, "आज आपल्याला एक गोष्ट शोधायची आहे. सुट्या कमी पडल्या तर काय करायचं?" आणि म्हटलं, "यातल्या अठरा मला द्या." पहिल्या बाकावरचीनं एक गठ्ठा उचलून दिला, मग तीन सुट्या दिल्या, आणि थांबली. अजून पाच हव्या होत्या. कुणी म्हणालं, चौथीवाल्यांकडून आणू. ती गठ्ठ्याकडे बघत राहिली. मला तोंड मिटून बसणं जड जात होतं. मग ती म्हणाली, "बाई, जुडी सोडावी लागंल."

जुडी! तिची आई बाजाराला मेथी नेते. माझा 'दशक सुटा करणे' तिच्याकडे तयारच होता, मी कधी मागितला नव्हता.

तिनं रबर काढलं. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या उरल्या. सगळ्यांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या. सुटीपर्यंत अख्खी तिसरी 'जुडी सोड, जुडी सोड' म्हणत होती. फळ्यावर एक अक्षर नाही, वहीत काही नाही. कुणी तपासायला आलं असतं तर दाखवायला माझ्याकडे आज काहीच नव्हतं. तरी दिवसभर अंग हलकं वाटत होतं.

खिडकीजवळच्यानं काड्यांवर बरोबर करून दाखवलं. पाटीवर मात्र पुन्हा 35. मला वाईट वाटलं, पण कालसारखं नाही. निदान तो कुठे अडलाय ते आज मला ठाऊक आहे. सुटी झाल्यावर दारातून परत आला आणि विचारलं, "बाई, उद्या पण काड्याच का?"

हो म्हटलं.

टाचणात उद्याच्या रकान्यात तेच लिहिलंय. 'जुडी कधी सोडायची ते मुलं सांगतील.' काड्यांवर करायचं आणि लगेच शेजारी पाटीवर लिहायचं, त्याच्या जवळ बसून. चौथीला तेवढा वेळ वाचन द्यावं लागेल. रबरं चारच धड उरलीत, सकाळी स्टँडवरून पुडी घ्यायची.