तीन कार्बोरेटर, कहोन पास आणि एल मिराज

दादाची १९३२ ची फोर्ड १९३२ साली कुठेच नव्हती. बॉडी फायबरग्लासची, साच्यातून काढलेली, चासी नवी वेल्ड केलेली, वायरिंग नवं, ब्रेक हायड्रॉलिक (फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलला, त्याआधी सगळा दांड्यांचा कारभार). खरंखुरं जुनं काय म्हणाल तर इंजिन आणि त्याच्यावर ओळीने बसवलेल्या तीन कार्बोरेटरपैकी (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं) दोन. आणि सगळा ताप कुणाचा, तर ह्याच तिघांचा.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मूळ कोल्हापूरचा, उद्यमनगरात घरचं लेथचं वर्कशॉप, त्यामुळे हातात पान्हा लहानपणापासूनच. आता राहतो कॅलिफोर्नियात अपलंडला, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, मागे डोंगर आणि गावातून जुना रूट ६६ जातो. ऑक्टोबरात गेलो होतो तिकडे, म्हटलं योसेमिटी बघू, ग्रँड कॅन्यन बघू, तर दादा म्हणाला आरं मर्दा कॅन्यन कुठं पळून जातंय का, तू एल मिराजला चल, हॉट रॉड जिथं जन्मली तिथं तीच गाडी घेऊन जाऊ. वहिनी म्हणाल्या, "पोचलात तर सांगा." त्यांचा अनुभव दांडगा.

हॉट रॉड म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. १९३२ साली फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत पहिल्यांदा व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, मॉडेल १८, रोडस्टरची किंमत ४६० डॉलर, पॉवर ६५ हॉर्सपॉवर. व्ही-८ आधीही होती पण श्रीमंतांच्या गाड्यांत, फोर्डने अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात काढला म्हणून ती स्वस्त पडली (उद्यमनगरच्या माणसाला ह्याचं कौतुक जास्त, दादा ह्या ओतकामावर तासभर बोलू शकतो आणि बोललाच). मग काही वर्षांनी ह्या गाड्या सेकंडहँड बाजारात कवडीमोलाने यायला लागल्या, पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड काढून टाकले, वजन कमी केलं, एकाच्या जागी दोन-तीन कार्बोरेटर लावले आणि वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायला नेल्या. आधी म्युरॉक नावाच्या तळ्यावर, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हवाई दलाकडे गेलं, आजचा एडवर्ड्स एअर फोर्स बेस तो हाच, जिथे पुढे स्पेस शटल उतरायचं. मग एल मिराज. विक एडेलब्रॉकने स्वतःच्या ३२ च्या रोडस्टरसाठी दोन कार्बोरेटरचं मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं मिश्रण इंजिनात वाटून देणारा पाइपांचा भाग) बनवलं, लोक मागायला लागले आणि त्यातून एडेलब्रॉक कंपनीची मोठी लाइन उभी राहिली. पोमोनाला एनएचआरएचं, म्हणजे ड्रॅग रेसिंगवाल्यांच्या संघटनेचं म्युझियम आहे, अपलंडहून जवळच, आदल्या दिवशी तिथे जाऊन आलो. छान आहे, पण खरं सांगायचं तर चकचकीत पॉलिश केलेल्या गाड्या दोरीच्या पलीकडून बघण्यात मला फार मजा येत नाही, बॉनेट उघडून बघू देत नाहीत.

तर दादाची गाडी. अस्सल ३२ ची पत्र्याची बॉडी आज घ्यायची म्हणजे घर गहाण ठेवायचं काम, म्हणून रेप्लिका. ह्याला नाक मुरडणारे आहेत, मला ते पटत नाही, कारण तिथल्या पोरांनी पहिल्या दिवसापासून हीच कापाकापी केली, मिळेल ते जोडलं. कायद्याचं लफडं मात्र आहे. कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम कडक, त्यात एक पळवाट आहे एसबी-१०० नावाची, अशा घरी बांधलेल्या गाड्यांना वर्षाला फक्त ५०० सर्टिफिकेट देतात, ते मिळालं की गाडी ज्या सालची दिसते त्या सालाप्रमाणे तपासणी होते, म्हणजे १९३२ ची दिसते तर १९३२ चे नियम, म्हणजे जवळजवळ काहीच नियम नाहीत. दादाने त्यासाठी जानेवारीतल्या थंडीत आरटीओसारख्या त्यांच्या डीएमव्हीपुढे पहाटे रांग लावली होती आणि तिथे म्हणे सगळे असलेच वेडे.

इंजिन एट-बीए, म्हणजे १९४९ ते ५३ च्या काळातलं फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, वरचं हेड सपाट), २३९ क्युबिक इंच, आणि वर तीन स्ट्रॉम्बर्ग ९७. ह्या ९७ ला हॉट रॉडवाले देवासारखं मानतात. फोर्डने १९३६ ते ३८ हा कार्बोरेटर वापरला, व्हेंच्युरीचा, म्हणजे आतल्या अरुंद गळ्याचा व्यास ०.९७ इंच म्हणून ९७. दोन दादाला पोमोनाच्या स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या पार्टच्या बाजारात मिळाले, गंजलेले, तिसरा कोरा नवा, कारण इंग्लंडमध्ये हे अजून बनतात. आणि आता माझं स्पष्ट मत, गाडी बांधणं सोपं आहे, पैसा आणि वीकेंड असले की होतं. तीन कार्बोरेटरना एक इंजिन चालवायला लावणं हे खरं काम.

मी पोचलो तेव्हा गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास भरलेला. दादाने टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप बसवलेला आणि तो फेकत होता सहा-सात पौंडाचं प्रेशर. ९७ चा नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट नावाच्या तरंगत्या डबीने उघडमीट होणारी पेट्रोलची सुई) अडीच-तीन पौंडापुढे तग धरत नाही, पेट्रोल त्याला ढकलून आत येत राहतं, फ्लोट बुडतो आणि मग वरून ओव्हरफ्लो. आता आपल्याकडे काय करतात, फ्लोट वाकवतात, नीडल बदलतात, वॉशर वाढवतात, दादानेही सगळं करून झालं होतं, पण प्रेशर कुणी मोजलंच नव्हतं. रेग्युलेटर लावला, गेज लावलं, अडीचवर आणलं, मग बाऊलमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या पोटातल्या वाटीतली पेट्रोलची पातळी वरच्या कडेपासून १५/३२ इंच खाली सेट केली तिन्हींची, आणि वास गेला. वहिनी उदबत्त्या लावणार होत्या त्या लावल्या नाहीत, बरं झालं.

दुसरी भानगड आयडलिंगची. रेस कमीच होईना. मधल्या कार्बोरेटरचा स्क्रू पूर्ण मागे, तरी इंजिन आपलं भुर्र भुर्र वरच. ह्याची लिंकेज (अॅक्सिलरेटरला कार्बोरेटरशी जोडणाऱ्या दांड्या) प्रोग्रेसिव्ह, म्हणजे साध्या चालीला फक्त मधला कार्बोरेटर काम करतो आणि अॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की कडेचे दोन उघडतात. कडेच्यांना आयडलिंगला काहीच काम नाही, ते गच्च बंद पाहिजेत. मग तपासायचं कसं, तर इंजिन चालू ठेवून कडेच्याच्या तोंडावर तळहात ठेवायचा. रेसमध्ये फरक पडला की समजायचं आतली थ्रॉटलची चकती पूर्ण मिटत नाहीये आणि तिथून हवा चोरली जातेय. पुढच्यावर हात ठेवला, इंजिन लगेच दबलं. सापडला चोर. चकतीचे दोन बारीक स्क्रू ढिले केले, चकती बोअरमध्ये आपोआप बसू दिली, परत आवळले, आणि लिंकेजची दांडी किंचित लांब होती ती आखूड केली. मग युनि-सिन नावाचं एक छोटं यंत्र असतं, कार्बोरेटरवर धरलं की ओढलेल्या हवेप्रमाणे काचेच्या नळीत मणी वर चढतो, ते लावून कडेचे दोघं उघडतात तेव्हा सारखे उघडतात का ते पाहिलं. ढोल पथकात एकाचा टोला मागे पडला की सगळ्या ताफ्याचा ठेका जातो ना, तसंच.

पहाटे निघालो. मी आणि दादा रोडस्टरमध्ये, टप नाही, खिडक्या नाहीत, कानटोपी घालून, आणि वहिनी मागून टोयोटात पाणी, टूलकिट आणि डिंकाचे लाडू घेऊन. २१० ने पूर्वेला, मग १५ नंबरचा हायवे धरून उत्तरेला कहोन पास. ही खिंड म्हणजे लॉस एंजेलिसकडून वाळवंटात जायचं मुख्य दार, सॅन अँड्रियास फॉल्ट इथूनच जाते, आणि बाजूने मैलभर लांबीच्या मालगाड्या चढत असतात तीन-चार इंजिनं लावून. कहोन बुलेवार्ड म्हणून जुन्या ६६ चा एक तुकडा हायवेला लागून शिल्लक आहे, रिकामा, आम्ही तिथे उतरलो कारण हायवेवरच्या ट्रकांच्या चाकाएवढी आमची गाडी.

आणि चढाला खरी परीक्षा सुरू झाली. सपाटीला लोण्यासारखी चालणारी गाडी चढावर जोर द्यायला पाय दाबला की कडेचे दोन उघडायच्या नेमक्या क्षणी गुदमरायची, एक सेकंदभर काहीच नाही, आणि मग अचानक पाठीत लाथ बसल्यासारखी उसळायची. गॅरेजमध्ये हे कधीच कळलं नसतं, तिथे इंजिनावर लोडच नाही. कारण साधं होतं, कडेचे उशिरा आणि एकदम उघडत होते, अचानक इतकी हवा आत येते की तिच्यासोबत पेट्रोल खेचलं जाईपर्यंत मिश्रण पातळ पडतं. झाडाखाली थांबलो, लिंकेजचा स्टॉप सरकवला म्हणजे ते थोडे आधी आणि हळूहळू उघडायला लागतील, परत चढवली, बरीच सुधारली. पूर्ण नाही. दादा म्हणाला, "लेका, लग्न झाल्या दिवशी कुणाचं पटतंय."

माथ्यावर, साधारण ४२०० फुटांवर, उलटा प्रकार. एग्झॉस्टमधून काळं. हजार फुटाला हवा तीनेक टक्के विरळ होते, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र तेवढंच पेट्रोल सोडतं, त्यामुळे अपलंडच्या बाराशे फुटांवर नीट असलेलं मिश्रण इथे घट्ट. प्लग काढून बघितले तर काजळी. ९७ ची मूळची मेन जेट ०.०४५ इंचाची असते, दादाकडे ०.०४३ ची डबी होती पण त्याने बदलली नाहीत, आणि मला ते बरोबर वाटलं, गाडी रोज राहते खाली, एका दिवसाच्या डोंगरासाठी कशाला हात लावायचा.

३९५ नंबरच्या हायवेवर पेट्रोल भरायला थांबलो आणि तिथे मग ती गरम असताना सुरूच होईना. फ्लॅटहेडची ही जन्मखोड, एग्झॉस्टची वाट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून जाते, त्यामुळे इंजिन तापतंच, आणि बंद केलं की ती उष्णता वर चढून बाऊलमधलं पेट्रोल उकळवते. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, त्यामुळे ते अजून लवकर उकळतं. पेट्रोल थेंबथेंब मॅनिफोल्डमध्ये गळतं आणि इंजिन फ्लड होतं. इथे दादाने खिशातून लाकडी चिमटे काढले, कपडे वाळत घालायचे, आणि पेट्रोलच्या पाइपला लावायला लागला. जुने अमेरिकन हे करायचे, पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून. मागून वहिनी आल्या, "माझे चिमटे!" मला त्यात काही विज्ञान दिसलं नाही, लाकूड कसली उष्णता ओढणार, आणि पंप मागे टाकीपाशी असल्याने पाइपमध्ये तशीही वाफ व्हायची नाही. अॅक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरून स्टार्टर मारला, जादाचं पेट्रोल निघून गेलं, खोकत खोकत चालू झाली. खरा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा फिनॉलिकचा (एक प्रकारच्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर, दादा आता तो लावणार आहे. चिमटे तरीही त्याने काढले नाहीत.

आणि मग एल मिराज. मातीचं कोरडं तळं, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट, कडेला जोशुआची झाडं. एससीटीएची (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) मीट चालू होती, ही संस्था १९३७ पासूनची. १.३ मैलांचा ट्रॅक, उभ्या गाडीपासून सुरुवात आणि शेवटी वेग मोजतात. ना स्टँड, ना स्पीकरवर गाणी, लोक आपापल्या गाडीच्या सावलीत बसलेले. आधी धुळीचा लोट दिसतो, आवाज मागून येतो. फ्लॅटहेडसाठी अजून वेगळा क्लास आहे, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची इंजिनं, आणि माणसं त्यातून अजून एखादा मैल वेग वाढतो का बघतायत. लाइनमधल्या एका फ्लॅटहेडवाल्या आजोबांनी दादाच्या बॉनेटमध्ये डोकावून चिमटे मोजले, हसले, आणि म्हणाले की पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनचे भाग) आधी बघ, कार्बोरेटरला नंतर शिव्या दे. दादाने तिथेच पॉइंटची फट मोजली. कमी होती. ती नीट केल्यावर परतीला गाडी त्या चढावरही एवढी गुदमरली नाही, म्हणजे लिंकेजच्या नावावर अर्धा दोष इग्निशनचा होता.

जाणार असाल तर तळ्यावर सावली अजिबात नाही, पाणी भरपूर न्या, आत जायला गेटवर पास घ्यावा लागतो, आणि पाऊस झाला की तळं गाड्यांना बंद करतात त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. एअर फिल्टर असलेली गाडी न्या. दादाच्या तिन्ही ९७ वर नुसत्या जाळ्या होत्या, घरी आल्यावर बाऊल उघडले तर आत तळ्याची बारीक पांढरट माती, तिन्हीत, आणि ह्या बाबतीत मात्र तिघांत अगदी समान वाटणी.