साइटवर नालोक्झोनची पेटी लावताना: माझा अनुभव

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १ जून २०२३ पासून मालकांवर एक नवी कायदेशीर जबाबदारी आली. आपल्या कामगाराला कामाच्या जागी ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या, वेदना शमवणाऱ्या पण नशा आणणाऱ्या औषधांचा) ओव्हरडोस होण्याचा धोका आहे हे मालकाला ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायलाच हवं अशी परिस्थिती असेल, तर तिथे नालोक्झोनची, म्हणजे या ओव्हरडोसवर उतारा असलेल्या औषधाची, पेटी आणि ती वापरायला शिकलेला माणूस हवा. मी इथल्या एका बांधकाम कंपनीत सेफ्टीचं काम बघते. साहजिकच हे माझ्याकडे आलं.

पेटी मिळवणं सोपं होतं. 'आपल्याकडे धोका आहे' हे मान्य करवून घ्यायला मात्र वेळ लागला. व्यवस्थापनाला वाटत होतं, पेटी लावली म्हणजे आपली माणसं नशा करतात अशी कबुलीच दिली. कामगारांना वाटत होतं, या निमित्ताने आपल्यावर पाळत सुरू होणार. सेफ्टी कमिटीच्या बैठकीत मी सरकारी आकडे ठेवले: मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळात प्रांतात ओपिऑइडमुळे सुमारे २,५०० माणसं गेली, आणि त्यांतल्या नोकरीत असलेल्यांपैकी ३० टक्के बांधकाम कामगार होते. सगळे गप्प झाले. मग सेंटरिंगचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ बोलू लागले. कंबर धरते, सुट्टी घेतली तर पगार बुडतो, म्हणून माणूस वेदनेची गोळी घेऊन कामावर येतो. डॉक्टरांनी गोळी बंद केली की ती बाहेरून घेतो. आणि बाहेरच्या गोळीत फेंटानिल (अतिशय तीव्र ओपिऑइड) किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यानंतर 'धोका आहे का' यावर कुणी वाद घातला नाही.

आमच्या पेटीत नाकात मारायच्या स्प्रेचे दोन डोस, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा आहे. इंजेक्शनचीही पेटी चालते, पण थंडीत बधिर झालेल्या बोटांनी काचेची कुपी फोडून औषध भरायचं, ही कल्पनाच मला पटेना. प्रशिक्षणात शिकवलेला क्रम आता आमच्या बहुतेकांना पाठ आहे. हाक मारा, खांदे हलवा. माणूस जागा होत नाही, श्वास मंद आहे किंवा घरघरतोय, ओठ-नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या? ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन, एका नाकपुडीत स्प्रे, मग श्वास किंवा छातीवर दाब. दोन-तीन मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा डोस. स्प्रे चालतो का हे आधी दाबून बघायचं नाही, एका नळीत एकच डोस असतो. ओव्हरडोस नसून दुसरंच काही निघालं तरी नालोक्झोनने अपाय होत नाही. आणि माणूस उठून बसला तरी अँब्युलन्स परत पाठवायची नाही, कारण नालोक्झोनचा असर उतरल्यावर अंगातलं ओपिऑइड पुन्हा श्वास थांबवू शकतं.

खरा कस लागला तो जागा ठरवताना. स्प्रे गोठू द्यायचा नाही, म्हणजे जानेवारीत तो उघड्या साइटवर ठेवता येत नाही. ऑफिसचा ट्रेलर गरम असतो, पण संध्याकाळी सुपरवायझर कुलूप लावून जातो आणि काँक्रीटवाले रात्रीपर्यंत थांबतात. कुलपाआडची पेटी नसल्यासारखीच, यावर मी अडून बसले. शेवटी ती जेवणाच्या खोलीत लावली. तिथे हीटर असतो, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत दार उघडं असतं. चोरीला जाईल, अशी शंका आली. मी म्हटलं, नेणाऱ्याला गरज असेल म्हणूनच नेईल, आपण दुसरी लावू.

पेटीची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव आणि तो साइटवर कुठे काम करतो हे पेटीजवळ लिहिलेलं असावं, आणि तो जवळपास असावा, असंही नियम सांगतो. बांधकामावर माणसं रोज हलतात. म्हणून उशिरा थांबणाऱ्या प्रत्येक टोळीतला निदान एक जण आम्ही प्रशिक्षणाला पाठवला, आणि ती नावं सकाळच्या बैठकीत बदलतो.

पोलिसांची भीती उरली होती. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने ओव्हरडोसच्या वेळी ९११ ला फोन करणाऱ्यावर आणि तिथे हजर असलेल्यांवर केवळ स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा लागत नाही. विक्रीच्या गुन्ह्याला हे संरक्षण नाही. हे मी पंजाबी आणि पोर्तुगीजमध्येही लिहून घेऊन पेटीशेजारी लावलं. मला विचाराल तर त्या कागदाचं मोल पेटीइतकंच आहे.

आपली मराठी मुलंही इथे वेअरहाऊसमध्ये रात्रपाळ्या करतात, त्यांच्यासाठी एक: ओंटारियोतल्या बऱ्याच फार्मसींत ही पेटी फुकट मिळते, हेल्थ कार्डही लागत नाही. घेताना स्प्रे कसा धरायचा ते फार्मासिस्टकडून तिथेच दाखवून घ्या, आणि मुदत कधी संपते ते बघून ठेवा.