पेरूचा डबा: तिसरी जाळी

पडक्या पेरूंतली फळमाशी आत अडकवून तिला मारणारी गांधीलमाशी बाहेर सोडायचा मागच्या नोंदीतला डबा मोडीत काढला. चूक माझीच होती, आणि ती जाळीत होती.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. विजापूर रोडला आमच्या परसात एक पेरू आहे. आंबे बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडाला आलेल्या फुलांची) फळं श्रावणात पिकू लागली की निम्मी फळमाशीच्या घशात. पूर्वी पडलेले पेरू खड्ड्यात पुरायचो. पण त्या अळ्यांपैकी काहींच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते, म्हणजे चोराबरोबर राखणदारालाही आपण गाडतो. हवाईत यावर जाळीचा तंबू काढला: पडलेली फळं आत, आणि जाळी अशी की जाड माशी अडावी, बारीक गांधील निसटावी. माझा तंबू म्हणजे रंगाचा २० लिटरचा डबा. तळाशी चार बोटं चाळलेली वाळू, कारण अळी फळातून उतरून तिथंच कोष करते. बुडाखाली पाण्याची परात, नाहीतर कोष मुंग्यांना मेजवानी.

पहिल्यांदा झाकणाला रव्याची चाळण लावली. गांधीलही आतच मेल्या. मग गव्हाची चाळण. बरणीतली दोन दिवसांची माशी सोडून पाहिली, ती अडली, मी खूश. आठवड्याने पाहतो तर डब्याबाहेर भिंतीवर फिकट, पंख चुरगळलेल्या माश्या! नुकती निघालेली माशी लोण्यासारखी मऊ असते, अंग दाबून बारीक फटीतूनही निघते. कवच टणक झालेल्या माशीवर जाळी तपासण्यात अर्थच नव्हता. घरात ‘माश्या पाळणारा’ म्हणून नाव झालं ते वेगळंच.

तिसरी जाळी मंगळवार बाजारातून आणली. आलेखाच्या कागदावर ठेवून मोजली, भोक साधारण दीड मिलिमीटर. या वेळी तासाभरापूर्वी निघालेल्या माश्यांवर तपासली. माश्या आत, गांधील बाहेर.

जाळी जमेपर्यंत मोजणी वेगळ्या बाटल्यांत चालू होती. ४१ कोष वेचले: २६ माश्या, ७ गांधील, ८ मधून काहीच नाही. माश्या आधी निघतात. त्या संपल्या की ‘उरलेले मेले’ समजून बाटली धुऊ नका! माझ्या सातही गांधील त्यानंतर निघाल्या, शेवटची तर मी आशा सोडल्यावर. वाळू मात्र किंचित ओली हवी. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशीच शिंपडतो, आठवणीचा प्रश्न मिटला.

रिकामे कोषही फेकू नका, भिंग लावून बघा. माशी कपाळावरची फुगणारी पिशवी आतून दाबून टोपण उघडते, त्यामुळे कोष सरळ रेषेत उकलतो. गांधील जबड्याने कुरतडून निघते, म्हणून कडा खडबडीत राहते. कोण निघालं ते हजर नसतानाही कळतं. गांधीलची जात मी ठरवलेली नाही. माद्यांच्या मागे अंडी घालायची अंगाएवढी लांब सुई आहे, एवढंच पक्कं.

मिथाइल युजेनॉलचा सापळा काढलेला नाही. त्यात फळमाशीचे नर येतात, गांधीलना त्याचं आकर्षण नाही, दोन्ही एकत्र चालतं. विषारी फवारा मात्र बंद. आणि हो, ही गोष्ट फक्त परदेशी नाही: कारलं-काकडीच्या माशीवरची गांधील १९१६ साली भारतातूनच हवाईला नेली होती.

रविवारी सकाळी फांदीवरच्या पिवळट पेरूवर गांधीलची एक मादी दिसली. मिशा टेकवत चालली, थांबली, दोन पावलं मागं आली आणि सुई सरळ सालीत रोवली. शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, “हे चावतंय का काय ओ?” म्हटलं, “आपल्याला नाही अक्का, आतल्या अळीला.” त्यांनी त्यांच्याकडचे पडके पेरू पिशवीतून आणून दिलेत, डबा काठोकाठ भरलाय.

दुसरा डबा बोरासाठी ठेवलाय. बोराची माशी वेगळी आणि अंगाने लहान, म्हणजे जाळी पुन्हा मोजणं आलं. कुणी थंडीत बोरावर मोजणी केली असेल तर भोकाचं माप सांगा.