मूठभर सँड आणि पाच दिवसांचा वर्ग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटी विभागात काम करतो. तीन वर्षांपूर्वी सँडचे, म्हणजे वाळूचे, साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनवर नव्याने आलेल्या 22 मुलांना तयार करायची जबाबदारी माझ्यावर आली. काही कळंब्याच्या आयटीआयची, काही पन्हाळा-शाहूवाडीकडची बारावी झालेली, चार-पाच जण ओडिशाचे. मी पाच दिवसांचा वर्ग आखला. सँडमध्ये पाणी किती असावं, बेंटोनाइट (सँड धरून ठेवणारी माती) कशासाठी, परमिॲबिलिटी (सँडमधून वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) म्हणजे काय, ब्लोहोल (वायू अडकून धातूत पडणारी पोकळी) का पडतो, सगळं मन लावून शिकवलं. शेवटच्या दिवशी परीक्षा घेतली. बहुतेकांना चांगले मार्क पडले आणि मला खरंच समाधान वाटलं.

दोन आठवड्यांनी त्याच लाइनवरचे कास्टिंग (ओतलेले भाग) ब्लोहोलमुळे रिजेक्ट होऊन माझ्याच टेबलावर आले.

मोल्डिंगला एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, पोरांना उत्तरं येत्यात, पण हाताला अजून काय कळत न्हाई." मग ठरवलं की पुढच्या बॅचला वर्गच नको, थेट मामांच्या आणि बाकीच्या मिस्त्र्यांच्या हाताखाली द्यायची. हा निर्णय माझा होता आणि तो चुकला. प्रत्येक मिस्त्र्याची पद्धत वेगळी. एकाकडची पोरं सँड जरा कोरडी वाटली की लगेच मिक्सरला पाणी वाढवायला सांगायची, दुसऱ्याकडची कधीच नाही. का, हे दोघांनाही सांगता येईना. शिवाय मिस्त्र्यांना दिवसाचे ठरलेले बॉक्स (साच्याच्या चौकटी) भरायचे असतात. शेजारी शिकाऊ पोरगा उभा राहिला की बॉक्स कमी होतात, म्हणून ते त्याला झाडलोट आणि ओढाओढीलाच लावायचे. त्यांचा दोष नव्हता. बॉक्स कमी का झाले, याचा जाब त्यांनाच द्यावा लागायचा.

माझी समजूत पालटली ती एका दुपारी. लॅबचा आकडा बरोबर होता. मिक्सरजवळ काढलेल्या नमुन्यात पाणी साडेतीन टक्के, म्हणजे आम्हाला हवं तेवढं. तरी मामा मोल्डिंग मशिनच्या हॉपरमधली (सँड साठवायच्या पेटीतली) मूठभर सँड घेऊन उभे होते. त्यांनी ती दाबली, दोन तुकडे केले आणि माझ्यापुढे धरली. तुटलेली कड सरळ राहिली नाही, भुरभुर गळली. "ही सुटल्या," एवढंच म्हणाले; म्हणजे सँडची पकड गेली होती. मी तिथलाच नमुना लॅबला पाठवला. पाणी बरंच कमी भरलं.

कारण वर्गातल्या माझ्याच फळ्यावर होतं, पण कुणीच ते या हॉपरशी जोडलं नव्हतं. दुपारपर्यंत तीच सँड पुन्हा पुन्हा फिरते, थंड व्हायला वेळ मिळत नाही. साधारण 50 अंशांच्या वर तापलेली सँड मिक्सरमध्ये पाणी घेते, पण मशिनपर्यंत येता येता ते उडून जातं. साच्याची कड ठिसूळ होते, सँड गळून कास्टिंगमध्ये अडकते. मग कुणी अंदाजाने पाणी वाढवतं, आणि ते जादा झालं की उलटा घोटाळा. 1 लिटर पाण्याची साधारण 1,600 लिटर वाफ होते. 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओतल्यावर ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते, नाही मिळाली तर धातूतच घर करते. मामांच्या हाताला सँड सुटल्याचं कळत होतं, मला त्यामागचं कारण माहीत होतं, आणि मुलांपर्यंत दोन्ही कधी एकत्र पोचलंच नव्हतं.

त्यानंतर मी मामांबरोबर बसून एकेक काम लिहून काढलं. ही पद्धत माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत लाखो नवखे लोक घाईने तयार करायचे होते, तेव्हा 1940 ते 1945 मध्ये तिथे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी उपक्रम चालला. पुढे जपाननेही तो उचलला. काम तोडून तीन रकाने करायचे: काय करायचं, कुठे जपायचं, का जपायचं. शिकवताना आधी मुलाला तयार करायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून बोलत बोलत करून घ्यायचं आणि शेवटी एकटं सोडून अधूनमधून बघत राहायचं. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असं त्या लोकांचं म्हणणं. ते वाचताना मला माझे पाच दिवस आठवले.

'का'चा रकाना भरायला मामा आधी तयार नव्हते. "का म्हंजे काय, तसंच असतंय." पण हॉपरच्या सँडचं कारण त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे दुपारनंतर तापमान बघायला पायजे." दुसऱ्या दिवशी त्यांनीच थर्मामीटर मागून घेतला.

आता वर्ग रोज सकाळी 40 मिनिटांचा असतो आणि आठवड्याला एकच दोष घेतो. खराब कास्टिंग टेबलावर ठेवायचं, ते कशामुळे झालं यावर बोलायचं आणि त्याच पाळीत मिस्त्र्यांबरोबर लाइनवर जायचं. मुलं आधी मुठीने सँडचा अंदाज सांगतात, मग लॅबचा आकडा येतो, दोन्ही वहीत शेजारी लिहायचे. ओडिशाच्या मुलांसाठी रकाने हिंदीत केले. सगळ्यात अवघड गोष्ट व्यवस्थापकांकडून मंजूर करून घ्यावी लागली: शिकवण्याचा तास मिस्त्र्याच्या बॉक्सच्या हिशेबात धरायचा नाही. त्याशिवाय यातलं काहीच चाललं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

माणूस कसा शिकतो याचं 70-20-10 चं सूत्र बऱ्याच ठिकाणी ऐकवतात: 70 टक्के कामातून, 20 टक्के माणसांकडून, 10 टक्के वर्गातून. ते 1980 च्या दशकात यशस्वी अधिकाऱ्यांना त्यांच्या अनुभवांबद्दल विचारून निघालं. मोल्डिंगच्या पोराला ते फूटपट्टीसारखं लावू नये. सँडच्या आठवड्यात आम्हाला वर्ग जास्त लागतो, पोअरिंगला (लोखंड ओतण्याच्या कामाला) जवळजवळ लागतच नाही. आपला 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदासुद्धा मूलभूत प्रशिक्षण आणि कामावरचं प्रशिक्षण हे दोन भाग सांगतो. त्यांची सांगड घालायचं काम मात्र आपलंच असतं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या पाळीतल्या शाहूवाडीच्या एका पोराने मूठ दाबली, तापमान बघितलं आणि मशिन थांबवून मला फोन केला. सुपरवायझर चिडले होते. मी पोचलो तेव्हा तो पोरगा त्यांना वही उघडून दाखवत होता. तिसऱ्या पाळीत मामांसारखं शिकवणारं अजून कुणी नाही. दोन मिस्त्र्यांना तयार करतोय. त्यांचा 'का'चा रकाना निम्मा भरलाय.