कुत्र्याच्या कानात तेल टाकण्याआधी

कुत्रं सारखं डोकं झटकतंय, मागच्या पायाने कान खाजवतंय, जवळ गेलं की आंबूस वास येतोय. खानदेशात, गावात असो की शहरात, यावर पहिला उपाय ठरलेला असतो: कोमट तेल. कुठे लसूण उकळून, कुठे कडुनिंबाचं, कुठे करंजाचं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग कान आणखी चिघळतो.

याचं कारण कानाच्या रचनेत आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून पडद्याकडे जाते. वरून डोकावलं तर फक्त पहिला भाग दिसतो. टाकलेलं तेल वळणावर मळासकट साचतं, आतली हवा कोंडते. निरोगी कानातही थोडी असणारी मॅलॅसेझिया ही बुरशी ऊब, ओल आणि चिकटपणा मिळाला की झपाट्याने वाढते. शिवाय आत तेल असलं की डॉक्टरांना पडदा दिसत नाही.

कानातून काय येतंय त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ बहुधा बुरशीचा. पिवळा-हिरवट पू, घाण वास आणि हात लावू न देण्याइतकं दुखणं असेल तर जिवाणू. पिल्लाच्या दोन्ही कानांत चहाच्या चोथ्यासारखा कोरडा काळा भुगा दिसला तर कानातल्या बारीक किडी. पण हा अंदाजच. खरं उत्तर कापसाच्या काडीवर मळ घेऊन, काचपट्टीवर रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मिळतं. तपासणी काही मिनिटांची आहे. दवाखान्यात ती आवर्जून मागा, कारण बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही.

आपल्याकडे ऋतूही कारणीभूत असतो. एप्रिल-मेच्या उन्हात कुत्री पाटात, हौदात, नदीच्या डबक्यात जाऊन बसतात. पावसाळ्यात दमट हवेने कान सुकत नाही. लॅब्राडोर, कॉकरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना याचा त्रास जास्त. पोहून किंवा अंघोळ करून आलं की कानाची पाळी उलटून आतला दिसणारा भाग कोरड्या सुती कापडाने पुसा.

पावसाळा सरताना बांधावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. शेतातून आल्यावर अचानक एकाच कानाकडे डोकं वाकडं करून कुत्रं ओरडायला लागलं तर कुसळाचा संशय घ्या. त्याची टोकं अशी असतात की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. काही न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा. भूल देऊन, आत बघत चिमट्याने काढावं लागतं.

गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्यांच्या कानात गोचीड हमखास सापडतात. दिसणारा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको. हाताने चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या पडल्या तर रक्त तपासून घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गुरांच्या किडी-गोचिडांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन या औषधाचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने देऊ नका. १ टक्का औषधात मिलिलीटरमागे १० मिलिग्रॅम असतं आणि गुरांचं प्रमाण ५० किलो वजनाला १ मिलिलीटर. दहा किलोच्या कुत्र्याला तेच १ मिलिलीटर दिलं तर ते पाचपट झालं. कोली जातीच्या किंवा तिच्या संकराच्या कुत्र्यांमध्ये एक आनुवंशिक दोष आढळतो. त्यांना तर गुरांच्या प्रमाणातही झटके येऊन जीव जाऊ शकतो. किडींसाठी मानेवर टाकायची सुरक्षित औषधं मिळतात. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर, ज्याच्या त्याच्या औषधाने, एकाच वेळी उपचार करावे लागतात, नाहीतर किडी फिरून येतात.

घरी कान धुवायचा तर कुत्र्यांसाठीचंच इअर क्लीनर घ्या. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्याने सुजलेली कातडी भाजते. बाटली थोडा वेळ मुठीत धरा, गार द्रवाने कुत्रं दचकतं. पाळी वर धरून नळी भरेल इतकं टाका, मग कानाच्या मुळाशी बोटांनी वीस-तीस सेकंद चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोहोचला. आता कुत्र्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने पुसून घ्या. कान साफ करायची काडी आत घालू नका, तिने मळ आणखी खाली ढकलला जातो. औषधाचे थेंब टाकायचे असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मळाच्या थरावर टाकलेलं औषध कातडीला लागतच नाही. कान खूप दुखत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा कुत्र्याचा तोल जात असेल तर घरी धुवूच नका, पडदा फाटलेला असू शकतो.

याच कारणाने मागच्या वेळची उरलेली बाटलीही वापरू नये. अनेक थेंबांत जेंटामायसिन हे अँटिबायोटिक असतं. फाटक्या पडद्यातून ते आतल्या कानात उतरलं तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. उपचार साधारण दोन ते चार आठवडे चालतात. वास गेला म्हणून पाचव्या दिवशी थांबवला तर उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. पुन्हा तपासून कान स्वच्छ दिसल्यावरच थांबवा.

वर्षातून तीन-चारदा दोन्ही कान बिघडत असतील, सोबत कुत्रं पंजे चाटत असेल, काखा लाल असतील, तर मूळ दुखणं ॲलर्जीचं असण्याची शक्यता मोठी. तिचा शोध घेतल्याशिवाय थेंब बदलून फार उपयोग होत नाही. ॲलर्जी खाण्याची आहे का ते पाहायला डॉक्टर आठ आठवडे एकच ठरावीक आहार द्यायला सांगतील. त्या काळात चहात बुडवलेलं बिस्कीटसुद्धा चालत नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला हवं, आणि बहुतेकदा प्रयोग इथेच फसतो.

डोकं झटकून झटकून कधी पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी उशीसारखी फुगते. सुईने टोचून रक्त काढू नका. ते पुन्हा भरतं, वर पू होतो. दवाखान्यात जाईपर्यंत पाळी डोक्यावर उलटी ठेवून सैल पट्टी बांधा, गळ्यात पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पाळीच्या उपचारासोबत आतल्या खाजेचं औषधही त्याच दिवशी सुरू करून घ्या, नाहीतर झटकणं थांबत नाही आणि पाळीला घातलेले टाके टिकत नाहीत.