बेल वाजल्यानंतरचं एक मिनिट

गेल्या आठवड्यात पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली तू बॉक्सिंगला जातेस हे खरंय का, आणि जात असशील तर किती वजन उतरलं ते आधी सांग. मी म्हटलं साडेचार किलो, दीड वर्षात. ती एकदम गप्प झाली, तिला बहुतेक पंधरा-वीस ऐकायचे होते. मग मी तिला माझ्या वहीतले दोन आकडे वाचून दाखवले, १४ आणि ३७. हे आकडे कसले ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी ४७ वर्षांची आहे, बडोद्याला दांडिया बाजारात राहते, दिवसभर खुर्चीवर बसून काम. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन पावागडला गेले होते. रोपवेने वर गेलो आणि पुढे ज्या पायऱ्या उरतात ना, त्यांच्या अर्ध्यात मी बसले. सासूबाई ७३ वर्षांच्या, त्या उभ्या आणि मी खाली बसलेली, छातीत धडधड, कानात शिट्टी. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याची बाटली पुढे केली, आणि ते मला फार लागलं. घरी येऊन तपासण्या केल्या, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले औषध आत्ता नको, पण रोज घाम निघेल असं काहीतरी करा.

आता बडोद्यात मराठी घरात वाढलेल्याला व्यायाम म्हटलं की आधी जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवतं. आमचे आबा लहानपणी तिथे जायचे, प्रोफेसर माणिकराव असतानाच्या काळात. माणिकराव म्हणजे जुम्मादादांचे शिष्य, त्यांनी या गावातल्या किती पोरांना मल्लखांब, लेझीम, लाठी, जोर-बैठका शिकवल्या त्याची गणतीच नसेल. आबा ऐंशीच्या घरात गेले तरी सकाळी बैठका मारायचे आणि झाल्यावर कधी लगेच बसायचे नाहीत, कमरेवर हात ठेवून अंगणात फेऱ्या मारत राहायचे. आम्ही पोरं खेळून आलो आणि धपकन बसलो की ओरडायचे, "उठ, आधी फिर, मग बस." का ते कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मी आधी जिम लावली, ट्रेडमिलवर दोन महिने चालले आणि सोडली. मला तिथे शिकण्यासारखं काही सापडत नव्हतं आणि मन लागत नव्हतं. मग भाची मांजलपूरकडे बॉक्सिंगला जायची, तिच्याबरोबर एक दिवस बघायला गेले. सकाळी सव्वासहा, दहा-बारा पोरं-पोरी, कोपऱ्यात ठोसे मारायच्या चार जड बॅगा लटकवलेल्या, भिंतीवर घड्याळ, आणि दर तीन मिनिटांनी बेल. सरांनी माझं वय विचारलं, मग म्हणाले आधी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट करून या, रिपोर्ट बघितल्याशिवाय उड्या मारायच्या दोरीला पण हात लावू देणार नाही. मला तो माणूस तिथेच पटला. तुम्हाला कोणी काही न विचारता पहिल्याच दिवशी ग्लोव्हज घालून बॅगसमोर उभं करत असेल तर तिथून निघून या, खरंच सांगते.

पहिले तीन आठवडे एकही ठोसा नाही. फक्त हाताला पट्टी बांधणं, उभं राहणं आणि पाय. पट्टी १८० इंचांची असते, एका हाताला एक, दोन्ही मिळून दहा वार होतात, म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार जास्तच. अंगठ्यात लूप घालायचा, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या मुळांवर तीन, मग बोटांच्या मधून, आणि परत मनगट. हे सगळं नीट बांधायला मला सुरुवातीला दहा मिनिटं लागायची. आता दोन लागतात आणि दिवसातली ती दोन मिनिटं मला फार आवडतात.

पाय मात्र अवघड गेले आणि त्याचं कारण गरबा! बडोद्यातल्या बाईचे पाय गरब्याने घडवलेले असतात, लहानपणापासून नऊ रात्री अनवाणी गोल फिरायचं, एक पाय दुसऱ्याच्या मागून जाणार, वळायचं, टाळी, परत मागून. बॉक्सिंगमध्ये पायावर पाय कधीच जाता कामा नये. पाय क्रॉस झालेले असताना कोणी नुसतं ढकललं तरी माणूस पडतो. डावीकडे जायचं तर डावा पाय आधी सरकणार, उजवीकडे जायचं तर उजवा, आणि दोन्हीमधलं अंतर तेवढंच राहणार. हे वाचायला सोपं वाटतं पण माझं शरीर चाळीस वर्षं जे शिकलंय ते विसरायला तयार नव्हतं, सर जमिनीवर खडूने रेघ मारून मला त्या रेघेच्या दोन बाजूंना पाय ठेवून पुढे-मागे चालवायचे. पण एक गोष्ट गरब्याचीच कामाला आली, ती म्हणजे चवड्यावर हलकं राहणं, ते मला शिकवावं लागलं नाही.

ठोसा हाताने मारायचा नसतो हे कळायला अजून महिना गेला. मी उजव्या हाताची, म्हणून डावा पाय पुढे, उजव्या पायाची टाच किंचित उचललेली. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना आधी ती टाच बाहेर फिरते, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी पोचतो आणि पोचल्या पोचल्या हनुवटीपाशी परत येतो. म्हणून तर पोट, मांड्या, पाठ सगळं एकदम दुखतं. मी एकदा घाईत मनगट वाकलेलं असताना बॅगवर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, मारला, तीन आठवडे पोळी लाटता आली नाही. पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर मार बसला पाहिजे, करंगळीकडे गेला तर तिथलं हाड मोडू शकतं, त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचंच नाव आहे.

आणि श्वास. प्रत्येक ठोशाला नाकातोंडातून "स्स" करून श्वास सोडायचा. मी धरून ठेवायचे, नव्वद टक्के नवीन माणसं धरतात असं सर म्हणतात. लांबून ओरडायचे, "श्वास छोडो बेन, रोको नहीं!" श्वास धरला की चाळीस सेकंदांत माणूस संपतो.

आता त्या दोन आकड्यांकडे येते. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचा राउंड आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. हे १८६७ साली लंडनला छापलेल्या क्वीन्सबेरीच्या नियमांतून आलंय. त्याच्या आधी राउंडला वेळच नव्हता, कोणीतरी पडलं की राउंड संपला, मग अर्धा मिनिट थांबून परत सुरू. म्हणजे ते एक मिनिट या खेळाने जाणूनबुजून ठेवलंय. मी आधी ते एक मिनिट म्हणजे सुटका समजायचे, बेल वाजली की गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे, पाणी ढोसायचे, आणि पुढची बेल वाजली की जास्तच दमलेली असायचे. सरांनी ते बंद केलं. बसायचं नाही, वाकायचं नाही, एकच घोट पाणी, कमरेवर हात, आणि चालत राहायचं, नाकाने घेऊन तोंडाने लांब सोडत. पहिल्यांदा तसं चालायला लागले आणि मला अंगणातले आबा दिसले. अगदी तसेच हात. एवढ्या जोरात हृदय चालू असताना आपण अचानक थांबलो की पायांतलं रक्त पायांतच राहतं, डोकं हलकं होतं, चालत राहिलं की पोटऱ्या ते वर ढकलत राहतात. "आधी फिर, मग बस" चं उत्तर मला पस्तीस-चाळीस वर्षांनी मांजलपूरला मिळालं आणि त्या दिवशी मी थोडी रडले पण, घामात कोणाला कळलं नाही.

तर सर म्हणाले वजन रोज बघू नका, हे मिनिट बघा. राउंड संपताच नाडी, मिनिट संपल्यावर परत नाडी, फरक वहीत. पहिल्या महिन्यात माझी १६६ वरून १५२ वर यायची, १४ चा फरक. एका मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर डॉक्टरसुद्धा ते गांभीर्याने घेतात, म्हणजे मी अगदी काठावर होते. परवा १६५ वरून १२८, फरक ३७. साखर ५.६ झालीय. जेवणात मी फार काही केलं नाही, रात्रीचा भात कमी केला आणि रविवारचं सेव उसळ महिन्यातून एकदा.

मला अजून एक मनापासून सांगायचंय, विशेषतः माझ्या वयाच्या बायकांना. मोठ्याने गाणी लावून हवेत भराभर हात मारायचे क्लास आता सगळीकडे आहेत, घाम निघतो, पण तुमचं मनगट, खांदा, गुडघा कसा जातोय हे बघणारं कोणी नसतं. त्यापेक्षा खरं शिका, हळू शिका. स्पर्धेसाठी नाही, वरिष्ठ गटाच्या मोठ्या स्पर्धांना तर चाळीसची मर्यादाच असते. २०१२ साली लंडनला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा बायकांचं बॉक्सिंग आलं आणि जुळ्या मुलांच्या आईने, मेरी कोमने, ५१ किलोत ब्राँझ आणलं, तेव्हा मी टीव्हीसमोर भाजी निवडत बघत होते आणि मला एकदाही वाटलं नाही की हे मीही शिकू शकते. ते तेव्हा वाटायला हवं होतं.

येत्या बुधवारी माझं पहिलं स्पारिंग, म्हणजे समोरासमोरचा सराव, आहे, भाचीबरोबर. फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हलक्या हाताने, दोन राउंड, हेडगार्ड आणि १६ औंसाचे जाड ग्लोव्हज. दातांचं गार्ड काल आणलं, गरम पाण्यात मऊ करून दाताखाली धरायचं असतं म्हणजे ते आपल्या जबड्याच्या मापाचं होतं. पाणी तापवत होते तर सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, सगळं बघितलं, आणि विचारलं, बुधवारी किती वाजता, मी पण येते.