मावशीच्या भिंतीवरची रेघ

आम्ही राहतो ठाण्यात, चौथ्या मजल्यावर, त्यामुळे पूर म्हणजे आमच्यासाठी गाडी कुठे लावायची एवढंच टेन्शन. पण मावशीचं घर बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती ना, त्याच रात्री हिच्या घरात पाणी शिरलं, फ्रीज आडवा होऊन तरंगत होता म्हणे, आणि स्विचबोर्डच्या वर चार बोटं चिखलाची रेघ अजून दिसते, दोनदा रंग काढूनसुद्धा.

इन्शुरन्स? काका म्हणाले लोनसोबत काढलेला की, बघितलं तर तो काकांचा लाइफ इन्शुरन्स निघाला, घराचा नाहीच!

शेवटी यंदा मीच भारत गृह रक्षा काढून दिली. इर्डाने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १ एप्रिल २०२१ पासून सुरू केलेली ही पॉलिसी, त्यात आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप असतंच. रक्कम ठरते घर परत बांधायला किती लागेल त्यावर, जमिनीचा भाव धरत नाहीत (इथे काका दहा मिनिटं भांडले माझ्याशी, जसा काय मीच नियम केलाय). सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं.

मग पूररेषेचं, म्हणजे पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषांचं, सांगत बसलो, निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "नदीला कुठं रंग कळतात रे!"